टंचाई येतेय, उगाच शेत लावू नका

अन्नटंचाई, इंधनटंचाई आणि वर मंदी, तिन्ही एकदम जगाच्या दारात उभ्या आहेत म्हणे. घाबरू नका. कोकणात राहता ना? मग निम्मी तयारी झालेलीच आहे. उरलेली सांगतो.

यंदाही कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणी करू नका. आधी जमीन भाजा, मग चिखलणी करा, तरवा म्हणजे भाताची रोपं काढा, हवंय कुणाला? गडी मिळत नाही, आणि मिळालाच तर पिकलेलं वानर-डुकरं ठेवत नाहीत (हे मात्र खरं आहे, यात उपरोध नाही). रेशनचा तांदूळ येतोय तोवर शेतात गवत वाढवा. जुलै २०२३ मध्ये सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तर अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी दुकानांत पिशव्यांसाठी झुंबड केली. भाताची एवढी ओढ बरी नव्हे.

परसातल्या माडांचे नारळ खाली पडून कोंब येऊ देत. घाण्यावर कोण नेतो? फोडणीला पामतेलच बरं. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने त्याची निर्यात बंद केली. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण जाकार्तात कुणी सही केली की गुहागरच्या टपरीवरच्या भज्यांना घाम फुटतो, हे तेव्हा कळलं. सूर्यफुलाचं तेल खाणारे त्याआधीच युक्रेनच्या लढाईत उतरले होते. घरबसल्या एवढं जग बघायला मिळतं, आणखी काय हवं?

विजेचं तर विचारूच नका. गुहागरजवळ अंजनवेलला गॅसवर चालणारा १९६७ मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या काळात त्यावरून केवढं रामायण झालं! पुढे २०१३ मध्ये गॅसच मिळेना म्हणून संच थंड पडले. शेजारीच बोटीतून गॅस उतरवायचं टर्मिनल आहे, पण परदेशी गॅसची वीज महाग पडते. म्हणून लाइट गेली की वायरमनला फोन करू नका, गॅस विकणाऱ्या कतारला करा.

खलाशीदादांनो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतेच. डिझेलच्या भावाने ही बंदी बारमाही करता येईल. मासळीची पैदास वाढेल, तुम्हालाही जेटीवर पत्ते खेळायला वेळ मिळेल.

मंदी आपल्याकडे गणपतीत कळते, चाकरमान्याच्या पेढ्यांच्या पुड्यावरून. पुडा पाव किलोवर आला की समजायचं. आणि नोकरी जाऊन पोरगा कायमचाच गावी आला, तर त्याला चुकूनही नांगर दाखवू नका. सात-बारा दाखवा. रस्त्यालगतचे दोन तुकडे विकायचे राहिलेत.