बूथ गोदामात सापडलाच नव्हता

लिंकन आणि केनेडी या खून झालेल्या दोन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांमधल्या योगायोगांची यादी दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतेच. त्यातलं सगळ्यात टाळ्या घेणारं वाक्य हे: ‘लिंकनचा मारेकरी थिएटरमधून पळाला आणि गोदामात सापडला, केनेडींचा मारेकरी गोदामातून पळाला आणि थिएटरमध्ये सापडला.’ ऐकायला झकास आहे. पण एकेक तुकडा सुटा करून बघू.

‘थिएटरमधून पळाला’ हे खरं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात जॉन विल्क्स बूथने लिंकनवर गोळी झाडली आणि तो घोड्यावरून पसार झाला.

‘गोदामात सापडला’ ही मात्र थाप. बारा दिवसांनी बूथला घेरलं ते व्हर्जिनियात, गॅरेट नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर, तंबाखू वाळवायच्या लाकडी कोठारात. पानं वाळवायची जागा वेगळी आणि माल साठवायची वखार वेगळी, हे निपाणीकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. असल्या कोठाराच्या भिंतींत वारा खेळावा म्हणून फळ्यांमध्ये फटी ठेवतात. सैनिकांनी कोठार पेटवलं, आणि बॉस्टन कॉर्बेट या सार्जंटने तसल्याच एका फटीतून बूथला टिपलं. दिवस वर येईतो घराच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. गोदामाला असल्या फटी ठेवल्या तर माल भिजेल हो!

केनेडींवर जिथून गोळ्या झाडल्या ते डॅलसचं गोदाम मात्र अस्सल. रेल्वेलगतच्या जुन्या व्यापारी पेठेत, एल्म आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ही सात मजली विटांची इमारत आहे. आधीची इमारत जळाल्यावर १९०१ मध्ये ती बांधली एका नांगर विकणाऱ्या कंपनीने. पुढे तिथे किराणा मालाचे घाऊक व्यापारी होते, आणि १९६३ मध्ये ‘टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी’ आली. नावावरून सरकारी खातं वाटतं, पण ती प्रकाशकांची पाठ्यपुस्तकं शाळांना पुरवणारी खासगी कंपनी होती. केनेडींचा मारेकरी म्हणून पकडला गेलेला ली हार्वी ऑस्वाल्ड तिथे तासाला सव्वा डॉलरवर पुस्तकं काढून द्यायच्या कामाला होता. त्या सुमारास सहाव्या मजल्यावर नवी फरशी म्हणून प्लायवूड बसवणं चालू होतं, त्यामुळे खोके एका बाजूला सरकवलेले. खिडकीशी आडोसा करायला आयतीच सोय.

‘थिएटरमध्ये सापडला’ हे शब्दापुरतं खरं. त्याला पकडलं ते टेक्सास थिएटर हे सिनेमाघर. नाटकाला आणि सिनेमाला आपण एकच शब्द वापरतो, म्हणून ही जोडी खपते. शिवाय ऑस्वाल्ड गोदामातून सरळ तिथे गेलाच नव्हता. आधी बस, मग टॅक्सी, मग खोलीवर जाऊन पिस्तूल, वाटेत टिपिट या पोलिसाचा खून, आणि शेवटी तिकीट न काढता थिएटरात. सगळं दीड तासाच्या आत.

याच यादीत लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी होतं असंही असतं. त्याचे सेक्रेटरी होते जॉन निकोले आणि जॉन हे. पुढे बोलायला नको.

गोदामाच्या त्या इमारतीत पुढे डॅलस काउंटीची कचेरी आली, आणि सहाव्या मजल्यावर १९८९ पासून संग्रहालय आहे. बाहेरच्या फलकावर लिहिलंय की इथून ऑस्वाल्डने ‘कथितरीत्या’ गोळ्या झाडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्या एका शब्दाभोवती कोरून कोरून चौकट केली आहे.