हळदीच्या साइटवर जपानी बूट: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २०२१ साली आम्ही तुमच्या हळदीच्या व्यापारासाठी साइट करून दिली, ती हॅक झाली. नव्या कंपनीने सांगितलं की साइट ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली आहे ती पीएचपी ही भाषाच असुरक्षित आहे, सगळं नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, नव्याने करावं लागेल. आम्ही हे आधी सांगितलं तर नाहीच, वर साफसफाईचे वेगळे पैसे मागितले. एरवी फोनवरच बोललो असतो. पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत आणि आमची बाकीची गिऱ्हाइकं आता ‘आमची साइट पण पीएचपीतच आहे का हो?’ म्हणून विचारायला लागली आहेत. त्यामुळे उत्तरही इथेच देतो.

आधी झालं काय ते. तुम्ही टाकलेल्या फोटोत गूगलवर तुमच्या दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरं आणि बुटांची जाहिरात दिसते. साइट उघडली तर मात्र हळद, हळदीचे फोटो, भाव, सगळं जागच्या जागी. हा जुना प्रकार आहे. आत शिरलेला माणूस साइटला हात लावत नाही. पान मागणारा गूगलचा बॉट (साइट आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) आहे की साधं गिऱ्हाईक, एवढं ओळखतो. गूगलला बुटांचं पान दाखवतो आणि गिऱ्हाइकाला हळदीचं. म्हणून मालकाला बरेच दिवस पत्ताच लागत नाही.

तुम्हीच लिहिलंय की मध्यंतरी कुणीतरी होमपेजवर एक नवा स्लायडर (सरकते फोटो दाखवणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार कोड) ‘फुकटात प्रो व्हर्जन’ बसवून दिला. कुणी, ते मी विचारत नाही. पण विकत घ्यायचं प्लगइन फुकट वाटणारा माणूस धर्मादाय करत नसतो, त्याच्या झिपमध्ये बहुतेक वेळा आणखी काहीतरी असतं. फोटो अपलोड होतात त्या फोल्डरमध्ये, हळकुंडांच्या जेपीजी फायलींच्या रांगेत, एक डॉट पीएचपी शेपटीची फाइल बसली होती. फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामचं काय काम? तीच चोरवाट. भाषा कुठलीही असती, अनोळखी माणसाचा कोड तुम्ही हाताने आत आणून बसवलात तर तो चालणारच. नोडची मंडळीही इंटरनेटवरून शेकडो तयार पॅकेजं उचलून जोडतात. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाच्या अशाच एका पॅकेजचा ताबा मूळ लेखकाने भल्या मनाने एका अनोळखी माणसाला दिला आणि त्याने आत बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला.

आता पीएचपीबद्दल. ही भाषा धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या पीएचपीत ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची सोय होती. साइटच्या पत्त्याच्या शेवटी कुणी ‘अॅडमिन=१’ असं टाइप केलं की प्रोग्राममध्ये त्याच नावाची किंमत आपोआप भरली जायची. प्रोग्रामरने ती किंमत आधी शून्य करून ठेवली नसेल तर येईल तो पाहुणा अॅडमिन. ही सोय २००२ साली मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली आणि पूर्ण काढून टाकायला २०१२ उजाडलं. फॉर्ममध्ये आलेला मजकूर तसाच डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकुमात, चिकटवायची पद्धतही त्या काळच्या क्लासेसमध्ये फळ्यावर लिहून शिकवत. मग कुणी फॉर्ममध्ये नावाऐवजी हुकूमच लिहिला तर डेटाबेस तोही पाळायचा. सुरक्षित पद्धत पीएचपीत २००४-०५ पासून आहे, पण जुनी फंक्शनं काढली ती २०१५ च्या सातव्या आवृत्तीत. मधल्या दहा वर्षांत नवशिक्याला जो रस्ता पहिला दिसायचा तोच धोक्याचा होता. याचा दोष भाषा चालवणाऱ्यांना द्यायलाच हवा.

त्याहून चांगलं उदाहरण २०१७ चं आहे, कारण त्यात भाषा आणि माणूस दोघंही सापडतात. वर्डप्रेस या साइट बनवायच्या, पीएचपीत लिहिलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून लेख बदलण्याची विनंती पाठवता यायची, अर्थात परवानगी असेल तर. कुणीतरी लेखाचा क्रमांक ‘१’ न देता ‘१अबक’ असा दिला. परवानगी तपासणारा भाग ‘१अबक’ क्रमांकाचा लेख शोधायला गेला. तो मिळाला नाही. लेखच नाही तर अडवायचं कशाला, म्हणून त्याने विनंती पुढे सोडली. पुढच्या भागाने त्याच मजकुराचा आकडा केला. अशा वेळी पीएचपी मागची अक्षरं गपचूप टाकून देते आणि १ तेवढा ठेवते. आता लेख सापडला आणि लॉगिन न करता बदलताही आला. जानेवारीअखेर ४.७.२ ही दुरुस्ती आली. ज्यांचं अपडेट आपोआप होत होतं ते वाचले. बाकीच्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली. माझ्या मते इथे जास्त दोष ‘सापडलं नाही म्हणजे चालेल’ असं लिहिणाऱ्याचा, पण भाषेचा अगदीच शून्य नाही. आणि जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शनही ‘१अबक’चा १ च करतं हे नव्या कंपनीला माहीत असेलच.

जिथे भाषा बदलणं हाच खरा इलाज आहे अशीही जागा आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मेमरीची हद्द भाषा स्वतः राखत नाही, प्रोग्रामरने राखायची. २०१४ चा ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष त्यातूनच आला: दिलेल्या मजकुरापेक्षा जास्त लांबी सांगितली की सर्व्हर शेजारच्या मेमरीतलं काहीबाही वाचून परत पाठवायचा. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितलं की त्यांना कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीच्या असतात. इतकी वर्षं, इतके हुशार लोक आणि तरी तीच चूक होत असेल, तर ‘प्रोग्रामरने लक्ष द्यावं’ हे उत्तर पुरत नाही. पण पीएचपी, जावा, नोड, पायथन या सगळ्यांत ती हद्द भाषाच राखते. तुमच्या साइटचा हा प्रश्नच नाही.

जावा तर बँका वापरतात, तिला कुणी पोरखेळ म्हणत नाही. इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीची साइट जावाच्या स्ट्रट्स फ्रेमवर्कवर (साइट बांधायच्या तयार सांगाड्यावर) होती. त्यातल्या एका भोकाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली, ती कंपनीने लावली नाही, चोर मे महिन्यात आत शिरले. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. आणि तुम्हाला सुचवलेल्या नोडच्या दुनियेतलं नेक्स्ट जेएस हे फ्रेमवर्क घ्या. मार्च २०२५ मध्ये उघड झालं की विनंतीसोबत एक ठरावीक हेडर (विनंतीला जोडलेली माहितीची ओळ) पाठवला की मिडलवेअरमधली, म्हणजे पान देण्याआधी चालणाऱ्या कोडमधली, लॉगिनची तपासणी सरळ वगळली जायची. नोड वाईट आहे असं मी म्हणत नाही, आम्हीही काही कामं त्यात करतो. पण अपडेट तिथेही कुणालातरी करावंच लागतं.

जगातल्या दर दहा साइटपैकी चारेक वर्डप्रेसवर, म्हणजे पीएचपीवर चालतात. चोरांचे बॉट रात्रंदिवस त्याच दारांची कडी हलवून बघतात. म्हणून हॅक झालेल्या साइटचं नाव घेतलं की पीएचपी जास्त ऐकू येतं. विकिपीडियाही पीएचपीवरच चालतो, त्याला सांभाळणारी माणसं आहेत.

आता पैशाचं. पहिल्या वर्षाची देखभाल साइटच्या किमतीत होती, पुढे दरवर्षीचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वेगळा, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे. तो तुम्ही पुढे चालू ठेवला नाहीत. त्यातही गैर काही नाही, बरेच जण ठेवत नाहीत. पण मग अपडेट कुणी करायचे हे कुणाचंच काम राहत नाही, आणि नंतर साफसफाईला बसलेल्या माणसाचा पगार मला द्यावा लागतो. तो आकडा मी कमी करणार नाही.

नव्या कंपनीकडे जायचं ठरलंच असेल तर खुशाल जा. फक्त त्यांना भाषा विचारत बसू नका. दुरुस्ती आली की ती कोण लावणार आणि त्याचे वर्षाला किती, हे लेखी घ्या. साइट तयार झाली की एका गिऱ्हाइकाच्या लॉगिनने आत जाऊन पत्त्यातला ऑर्डर क्रमांक १०४२ चा १०४३ करून बघा. दुसऱ्याचं बिल उघडलं तर साइट घेऊ नका. ही तपासणी कुठलीही भाषा आपोआप करत नाही, कारण ते बिल कुणाचं हे भाषेला कळायचं कारणच नाही. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच वर्ग, म्हणजे परवानगी नसलेल्याला आत सोडणं, पहिल्या नंबरवर होता.

आणि एक काम आजच करा, साइट नोडमध्ये होवो की कशातही. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत) तुमच्या डोमेनचे मालक म्हणून कोण कोण नोंदलेत ते बघा. हे जपानी बूटवाले बहुतेकदा स्वतःचा एक जीमेल तिथे मालक म्हणून घालून ठेवतात. तो काढला नाही तर नवी साइट चढवल्यावरही गूगलकडे तुमच्या नावाने तेच अर्ज करत राहतील. आधी सर्व्हरवरची त्यांची पडताळणीची (मालकी सिद्ध करायला ठेवलेली) फाइल उडवा, मग तो मालक काढा. उलट केलंत तर पुन्हा येऊन बसेल.

हॅक होण्याआधीचा बॅकअप आणि आमच्याकडे असलेले सर्व्हरचे लॉग ऑफिसात काढून ठेवले आहेत, त्याचे पैसे नाहीत. नव्या मंडळींपैकी कुणाला पाठवलंत तरी चालेल. येताना पेनड्राइव्ह मोठा आणायला सांगा, तुमचे हळदीचे फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवलेले आहेत.