कॅटॅलिस्ट न टाकता लावून बघितलीस का?

परवा आमच्या केमिस्ट्री विभागात राष्ट्रीय सेमिनार पार पडला. लग्नकार्य पार पडतं ना, तसाच. दहाची वेळ होती, सुरू झाला अकराला. दीपप्रज्वलन, विद्यापीठ गीत, शाल-श्रीफळ (हल्ली पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतलं रोपटं, पर्यावरणही सांभाळायचं असतं), मग पाहुण्यांचा परिचय. त्यात पेपर किती, एच-इंडेक्स (पेपरांचा इतरांनी किती संदर्भ घेतला याचं माप) किती, पीएचडीचे विद्यार्थी किती, कोणकोणत्या देशांना भेटी. पाहुण्यांनी नेमका कुठला रेणू बनवला किंवा कुठली रिअ‍ॅक्शन समजून घेतली, हे परिचय करून देणाऱ्यालाही ठाऊक नसावं. मागे एक मुलगा फोन उंचावून जिओटॅगवाले फोटो काढत होता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलला तेच लागतात.

पाहुणे चांगले बोलले. शेवटची स्लाईड आली, सगळ्या ग्रुपचा फोटो, 'थँक यू'. आणि सूत्रसंचालक उठून म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, चहाच्या वेळी भेटावं." चहाच्या वेळी पाहुण्यांभोवती सेल्फीची रांग. पोरं हजेरीपटावर सही करून, सर्टिफिकेट घेऊन एसटी स्टँडकडे.

मी तिथे बसल्या बसल्या एका जुन्या दुपारी जाऊन पोहोचले.

माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष. विभागातला साधा, दर आठवड्याचा सेमिनार. बॅनर नाही, चहासुद्धा आपापल्या पैशांनी. मी नॅनो झिंक ऑक्साईड हा कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) वापरून नोव्हेनागेल कंडेन्सेशन (दोन रेणू जोडून पाणी बाहेर टाकणारी रिअ‍ॅक्शन) दाखवत होते, अ‍ॅरोमॅटिक आल्डिहाईड आणि मॅलोनोनायट्राइल. चौदा आल्डिहाईडांचं टेबल, सगळे यील्ड (हाती आलेल्या पदार्थाचं प्रमाण) नव्वद टक्क्यांच्या वर. एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो, एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारी चाचणी), सगळं जागच्या जागी. निवृत्त झालेले एक सर नेहमीसारखे मागच्या बाकावर बसलेले, डोळे मिटून. झोपलेत असंच वाटायचं. माझं संपलं आणि त्यांनी विचारलं,

"बाळ, कॅटॅलिस्ट न टाकता लावून बघितलीस का?"

नव्हती बघितली.

संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन रिअ‍ॅक्शन लावली. तोच पॅरा-नायट्रो बेन्झाल्डिहाईड, तेच इथेनॉल-पाणी, तेवढंच तापमान, फक्त झिंक ऑक्साईड नाही. टीएलसी (रिअ‍ॅक्शन किती पुढे गेली ते ठिपक्यांनी दाखवणारी चाचणी) मारत बसले. दोन-सव्वादोन तासांत आल्डिहाईडचा स्पॉट जवळजवळ गेला आणि फ्लास्कच्या तळाशी पिवळसर घन जमा झाला. ज्याच्या जिवावर मी पेपर लिहायला घेतला होता, त्या कॅटॅलिस्टचं काम इतकंच, की रिअ‍ॅक्शन वीस मिनिटांत व्हायची. मॅलोनोनायट्राइलमधला मधला हायड्रोजन इतका अ‍ॅसिडिक, आणि नायट्रोमुळे आल्डिहाईड इतका उतावीळ, की त्या दोघांना मध्यस्थाची फारशी गरजच नव्हती! बाकीचे आल्डिहाईड एकेक करून ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्ट न टाकता, लावले. मेथॉक्सी, डायमिथाइलअमिनो अशा सुस्त गड्यांत कॅटॅलिस्टचा खरा फरक दिसला. पेपर आठ महिने लांबला. गाईड दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मी हॉस्टेलवर उशीत डोकं खुपसून रडले. पण चौदाच्या टेबलात पाच ओळी खऱ्या उरल्या, आणि त्या पाच ओळी मी आजही कुणासमोरही ठेवू शकते.

हे काही माझ्यासारख्या तालुक्याहून आलेल्या पोरींच्याच बाबतीत घडतं असं नाही. २००३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ निकोलस लेडबीटर यांच्या ग्रुपने पॅलेडियमशिवाय सुझुकी कपलिंग (दोन कार्बन जोडणारी रिअ‍ॅक्शन, पॅलेडियम हाच तिचा नेहमीचा कॅटॅलिस्ट) होतं असं छापलं. केवढी मोठी गोष्ट! जगभर लोक चक्रावले. मग त्यांनीच खोलात जाऊन पाहिलं, तर बेस म्हणून वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियम होतं, अब्जात पन्नास भाग इतकंच. तेवढं पुरत होतं. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच ते छापलं. मला विचाराल तर ह्या दोन पेपरांतला दुसरा जास्त मोठा. आमच्या वार्षिक अहवालात मात्र त्याला कुठल्या रकान्यात बसवलं असतं, देव जाणे.

आमच्याकडचे रकाने ठरलेले. पेपर किती, इम्पॅक्ट फॅक्टरची (नियतकालिकाचं वजन सांगणाऱ्या आकड्याची) बेरीज किती (बेरीज! जणू भाजीचं बिल), पेटंट किती. पेटंटची तर मोठी गंमत. आपल्याकडे अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, तपासणी वेगळीच आणि मंजुरी त्याहून पुढची. पण 'पब्लिश्ड' शब्द दिसला की विभागात पेढे, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पाऊस. पुढे मंजूर झालं का, हे विचारणारा माणूस कुजका ठरतो. मी ठरले आहे.

हे सगळं शिक्षकांच्या हावरेपणातून आलं असंही मी म्हणणार नाही. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआयचे (शिक्षकाची कामगिरी मोजणारे) गुण आणले, बढती त्यांना बांधली आणि सेमिनारमध्ये पेपर वाचण्यालाही गुण लावले. माणूस गुणांमागे धावणारच. २०२२ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. सवय मात्र गेलेली नाही.

आणि खरं टिकतं काय? एमएस्सीच्या पोरांना विचारा, बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट सगळ्यांना येते, फ्लेवोन (वनस्पतींत सापडणारे एका जातीचे रेणू) बनवायची वाट. १९३३-३४ चं काम. त्यातले वेंकटरामन तेव्हा लाहोरला होते, पुढे मुंबईच्या यूडीसीटीचे (विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे) आणि नंतर पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचे एकूण पेपर किती, हे माझ्या वर्गात आजवर कुणी विचारलेलं नाही.

मोठे सेमिनार बंद करा असं माझं म्हणणं नाही. गडचिरोली-नंदुरबारकडून आलेल्या पोराला एनसीएलचा शास्त्रज्ञ दोन हातांवर बघायला मिळतो, त्याच्यासोबतचा फोटो घरच्यांना पाठवता येतो, याचं मोल मला कळतं. मीही असाच एक फोटो जपून ठेवलाय. माझी तक्रार त्या शेवटच्या पंधरा मिनिटांची आहे. सत्काराला वेळ पुरतो, प्रश्नांनाच कसा नेमका कमी पडतो?

म्हणून ह्या सत्रापासून आमच्या शनिवारच्या सेमिनारमध्ये एक बदल केलाय. पहिला प्रश्न एमएस्सी भाग एकच्याच पोरांनी विचारायचा, तोवर आम्ही मास्तरलोकांनी गप्प बसायचं. पहिले दोन आठवडे नुसती शांतता. पंख्याचा आवाज. एका सहकाऱ्यांना ती सोसवेना, त्यांनी तोंड उघडलं, मी त्यांना खाली बसवलं. (ते अजून थोडे रागावलेले आहेत.)

तिसऱ्या शनिवारी एक संशोधक विद्यार्थी मोठ्या झोकात सांगत होता, कॅटॅलिस्ट गाळून, धुऊन, वाळवून सहा वेळा वापरला, यील्ड जवळपास तेवढंच. बार चार्टचे सहा खांब एका उंचीचे. मागून एका मुलीने चाचरत विचारलं, "दादा, गाळता-धुताना थोडा कॅटॅलिस्ट वाया जातोच ना, मग सहाव्या वेळी त्याचं वजन किती भरलं होतं?"

तो स्लाईडकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वजन केलंच नाही."

सोमवारी सकाळी मी लॅबचं कुलूप काढायला गेले, तर तो आधीच दारात उभा होता.