मालकाचं उत्तर: ‘२००० पानं सांगितली, ७०० ला संपलं’

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. एचपीच्या एम१००५ प्रिंटरचं १२ए कार्ट्रिज (शाईच्या पावडरीचा डबा) ३०० रुपयांत भरून घेतलं, २००० पानं सांगितली, ७०० ला संपलं, ‘पावडर मारली’ म्हणजे कमी भरली, शिवाय कागदावर काळी रेघ, आणि एक तास म्हणून संध्याकाळी दिलं, असं तुम्ही लिहिलंय. उशिराबद्दल माफ करा. फोन करून कळवायला हवं होतं, कळवलं नाही. ती चूक आमचीच.

पण ‘पावडर मारली’ हे मनाला लागलं. कोल्हापुरात गंगावेशच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, तसाच आमचा कारभार काउंटरवर, उघड्यावर आहे. १२ए साठी १०० ग्रॅमची सीलबंद बाटली येते. एक कार्ट्रिज, एक बाटली. त्यातली थोडी मागं ठेवून आम्हाला सुटणार किती, वीस-तीस रुपये? त्यापायी कोण गिऱ्हाईक घालवेल?

आता २००० पानांचं. हा आकडा कंपनीचा आहे आणि तो पाच टक्के कव्हरेजवरचा. म्हणजे ए४ कागदाच्या शंभर भागांतले पाचच भाग काळे. साधं पत्र, ओळींमध्ये मोकळी जागा, ना फोटो ना शिक्का. तुम्ही रेघ दाखवायला आणलेली दोन पानं दुकानात आहेत. एक फोटो चिकटवलेल्या फॉर्मची झेरॉक्स, दुसरं मोबाइलवर फोटो काढून छापलेला सातबारा. त्या सातबाऱ्यात पांढरा कागद सगळा करडा आलाय, कोपऱ्यात कागद धरणाऱ्याच्या अंगठ्याची सावली आहे आणि कडेला टेबलाचा सनमायकासुद्धा दिसतो. प्रिंटरला सावली कळत नाही, तो तिथंही ठिपके मारत बसतो. असली पानं सरासरी चौदा-पंधरा टक्क्यांना जातात. पाच टक्क्यांना २००० तर पंधरा टक्क्यांना साधारण ६६०. तुमची ७०० निघाली. म्हणजे पावडर पुरेपूर होती, सर. हिशेब तुम्हीच करून बघा.

हेच काम निम्म्या पावडरीत होतं. मोबाइलमधला कागद स्कॅनरच्या ॲपमधून काढा आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडा, ‘ग्रेस्केल’ नको. पाठीमागचा करडेपणा जातो. झेरॉक्स काढताना प्रिंटरवरचं लायटर-डार्कर बटण एक-दोन घरं लायटरकडे न्या. स्वतःपुरत्या कच्च्या प्रती इकॉनोमोडमध्ये, म्हणजे कमी पावडरीच्या सेटिंगवर, काढा. अक्षर फिकट दिसायला लागलं की कार्ट्रिज आडवं धरून डावीकडून उजवीकडे पाच-सहा वेळा हलवा, आणखी काही पानं निघतात. उभं धरून आपटू नका, पावडर सांडते.

रेघेबद्दल. वरपासून खालपर्यंत सलग उभी रेघ आली की वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) झिजलेलं असतं, नाहीतर ड्रमवर, म्हणजे कागदावर छाप उठवणाऱ्या रुळावर, चर पडलेला असतो. पावडर हलकी असती तर अक्षरं बोटानं पुसली गेली असती किंवा सगळा कागद मळकट आला असता. ड्रमला एका जागी टोचा पडला असता तर साधारण ७५ मिलिमीटरवर तोच ठिपका परत परत दिसला असता, कारण ड्रमचा एक फेरा तेवढाच. तुमच्या कार्ट्रिजचं हे चौथं रिफिल होतं. ड्रम आणि ब्लेड दोन्ही बदलू या, २५० रुपये जादा होतील, असं दुकानातल्या मुलानं सांगितलं होतं. तुम्ही ‘नको, नुसती पावडर भरा’ म्हणालात. बिलावर तसं लिहिलंय, तुमची सहीही आहे. हे चारचौघांत काढायचं नव्हतं, पण तुम्ही फोटो टाकलात तो रेघेचा, बिलाचा नाही.

‘दुसरीकडे २०० ला भरतात’ असंही तुम्ही लिहिलंय. भरत असतील. सोल्डरिंगनं भोक पाडायचं, पावडर ओतायची, वर चिकटपट्टी. त्यात ड्रमच्या भागात साठलेलं वेस्ट, म्हणजे वाया गेलेली पावडर, कोण काढतं? आम्ही दोन्ही बाजूंच्या पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग करतो, वेस्ट रिकामं करतो, चार्ज रोलर (ड्रमला वीजभार देणारा रूळ) आणि डॉक्टर ब्लेड (पावडरीचा थर सारखा करणारी पट्टी) पुसतो, मग बूच काढून पावडर भरतो आणि टेस्ट पेज काढूनच हातात देतो. वेस्ट भरलेलं राहिलं तर ते कागदावर आणि प्रिंटरच्या पोटात सांडतं, मग रिफिलमध्ये वाचलेले पैसे मेकॅनिकला जातात.

खरं सांगायचं तर तीन रिफिलनंतर ड्रम बदलायचा नसेल तर नवं कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण याच प्रिंटरला बसणारं कार्ट्रिज, घेतलेलं बरं. १२ए ला कार्ट्रिज ओळखणारी चिप नसते, त्यामुळे ते बिनघोर चालतं. आमच्याकडे ४५० ला आहे, ड्रम-ब्लेड सगळं नवं. यात आमचा रिफिलचा धंदा जातो, तरी सांगतो.

इथून पुढे बिलावर पानांचा अंदाज कव्हरेजसकट लिहू, वेळेचंही बघतो. तुमचं कार्ट्रिज घेऊन या, ब्लेड आमच्याकडून फुकट घालून देतो, ड्रमचे तेवढे द्यावे लागतील. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. आणि येताना कार्ट्रिज काळ्या पिशवीत गुंडाळून आणा, मागच्या वेळी गाडीच्या हुकला उघडंच लटकवून आणलं होतं. ड्रमला ऊन सोसत नाही.