लसणाच्या तेलाची बाटली ओट्यावर ठेवू नका

पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: बेळगावच्या माहेरचा, खानापूरच्या शेजारणींचा आणि भजनी मंडळाचा. त्यात म्हटलंय, की लसूण सोलून पाण्यात उकळा, अर्क कडक होतो, किंवा कच्चाच तेलात बुडवा, बाटली ओट्यावर ठेवा, वर्षभर टिकते. तीच आमटीत घाला, झाडांवर मारा, फक्त वाईट किडी मरतात, अंगाला लावा, डास फिरकत नाहीत. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही. लसूण मला रोज लागतो, चुलीपाशी आणि परड्यातही. म्हणूनच हे लिहिते.

आधी तेलाचं, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. लसूण जमिनीत वाढतो आणि मातीतल्या बोट्युलिनम जंतूची बीजं त्याला चिकटून येऊ शकतात. ती पाण्याच्या उकळीनेही मरत नाहीत. एरवी त्यांचा त्रास नाही, पण तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, ओलावा मात्र आहे. त्यात ओट्याची ऊब मिळाली की ती बीजं जागी होऊन विष तयार करतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली एका हॉटेलातल्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले. पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, बोबडी वळते, घास गिळवत नाही, पुढं श्वास अडतो.

परवा मावशीच्या ओट्यावर अशी बरणी बघितली. सोनेरी तेल, तळाशी पांढऱ्या पाकळ्या, एका पाकळीला बारीक बुडबुडा. वास छान, रंग छान. बिघडलंय हे डोळ्याला किंवा नाकाला कळेलच असं नाही. मावशीला म्हटलं, चव घेऊन बघू नका, टाकूनच द्या. ती म्हणाली, "मग आपलं लोणचं कसं टिकतं गं?" प्रश्न रास्त आहे. लोणच्यात लिंबाचा आंबटपणा नि भरपूर मीठ असतं. लसणाची चटणी आपण भाजून, कोरडी कुटतो. फोडणी तर त्या वेळेपुरतीच. आपल्या रीतींमागं कारण आहे, मेसेजमध्ये ते गाळलंय. तेलात ठेवायचाच असेल तर फ्रीजमध्ये, तोही चार दिवसांच्या आत संपवायचा.

उकळून अर्क कडक होतो हेही उलटंच. लसणाचा झणका अख्ख्या पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि मग तो जन्मतो. अख्खी पाकळी उकळली तर ते घडवणारं द्रव्यच मरतं. मी मिठाबरोबर ठेचते, दहा मिनिटं तसाच ठेवते, चमचाभर पाणी घालून पातळ फडक्यातून पिळते. ताकाला लगेच, आमटीला उतरवताना. उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते.

परड्यात फवारा मी स्वतः मारते, त्यामुळे तो निकामी आहे असं म्हणणार नाही. पण "फक्त वाईट किडी मरतात" हे खरं नाही. गेल्या वर्षी चवळीच्या शेंड्यांना काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, लागला होता. ठेचलेला लसूण रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून मारला. मावा कमी झाला, पण त्याच शेंड्यांवर मावा खात बसलेले लाल ढालकिडेही दिसेनासे झाले. आता आधी ढालकिडे आहेत का बघते. असले तर फवारा राहू देते. फुलावर मधमाश्या असताना तर मारतच नाही. मिरचीवर बोकड्या, म्हणजे पानं आक्रसायचा रोग, पडला की लसणाने पानं सरळ होत नाहीत. आमच्या खानापुरी पावसात फवारा एका सरीत धुऊन जातो, आणि भर उन्हात मारला तर पानं करपतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या अग्निअस्त्र या घरगुती कीडनाशकात लसूण असतो हे खरं, पण सोबत तंबाखू, हिरवी मिरची, कडुनिंब नि गोमूत्र असतं. निपाणीकडच्या लोकांना तंबाखूचा जोर वेगळा सांगायला नको. त्याचं श्रेय एकट्या लसणाला देऊ नये.

डासांचं म्हणाल तर कच्चा रस कातडीला भाजतो. लहान मुलांच्या अंगाला तर मुळीच लावू नका. डासांसाठी मच्छरदाणी लावा आणि पिंपातलं पाणी झाकून ठेवा.

मेसेजच्या शेवटी कुत्र्याच्या गोचिडांसाठी हेच पाणी पाजायला सांगितलंय. लसणाने कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ते पाणी त्यांच्या भांड्यात घालू नका.