नाणेघाटाबरोबर बोरीही दाखवा

जुन्नर परिसरातल्या अभ्याससहलीवरचा लेख मनापासून आवडला. भूशास्त्राचा जाणकार आणि साहित्याचा अभ्यासक दोघांनाही एकाच गटाबरोबर न्यायचं, ही कल्पना फार मोलाची आहे. नाणेघाटात ती नीट उमगते. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला कडा, त्याच बेसॉल्ट खडकात कोरलेलं लेणं आणि भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख. तिथेच बसून सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या काव्यसंग्रहातल्या चार गाथा वाचाव्यात. शेतं, नदीकाठ, गावातल्या बायका, सगळं माहाराष्ट्री प्राकृतात भेटतं.

एक सूचना मात्र आहे. सहलीच्या कार्यक्रमात बोरी बुद्रुक हे गाव दिसलं नाही, ते घ्याच. कुकडी नदीच्या काठी तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख आपल्या दख्खनची नाही, थेट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची! तिच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ते मुलांसमोर तसेच मांडा, शास्त्र कसं पुढे सरकतं ते त्यांना कळेल. नमुने मात्र कुणालाही उचलू देऊ नका.

आणि जेवण हॉटेलात नको. गावातल्या बचत गटाला मासवडी-भाकरी आधी सांगून ठेवा.