ई-बस पावसात शॉक देत नाही

माझी मावशी पुण्यात भेकराईनगरला राहते. गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा स्वारगेटला जाते. दोन आठवडे झाले, ती बस सोडून रिक्षानं जातेय, कारण बहिणींच्या ग्रुपवर हा मेसेज आला: 'महापालिकेच्या इलेक्ट्रिक बसमध्ये पावसाळ्यात चढू नका! चाकाला पाणी लागलं की पत्र्यात करंट उतरतो. वीज कोळशाचीच, प्रदूषण डिझेलपेक्षा जास्त. बॅटरी तीन वर्षांत भंगार. गाड्या पेटतात. सगळा कमिशनचा खेळ.'

आधी शॉकचं, कारण त्यामुळेच मावशीनं बस सोडली. घरातल्या मिक्सरचा शॉक बसतो तो का? घरच्या विजेचं एक टोक जमिनीशी जोडलेलं असतं, म्हणून करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो. बस पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीचं कुठलंच टोक जमिनीशी जोडलेलं नसतं, बसच्या पत्र्याशीही नसतं. ओल्या पत्र्याला हात लावून जमिनीवर उभं राहिलं, तरी करंटला फिरून यायला वाटच नाही. शिवाय कुठे करंटची गळती सुरू झालीच, तर ती पकडणारी यंत्रणा गाडीत असते. बॅटरीची पेटी आयपी-६७ दर्जाची, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी न शिरणारी. पीएमपीच्या, म्हणजे इथल्या शहर बससेवेच्या, ई-बस फेब्रुवारी २०१९ पासून पुण्यात धावताहेत. त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा त्यांनी याच तुंबलेल्या रस्त्यांवर काढलाय. आणि मावशी, लग्नाआधी तू दादरहून भर पावसात लोकलनं जायचीस ना? ती १९२५ पासून विजेवरच चालते.

कोळशाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागेल. देशातल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मोठ्या एसी ई-बसला किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास लागते, म्हणजे ९०० ग्रॅमच्या घरात. तशीच डिझेलची एसी बस शहरात लिटरला अडीच-तीन किलोमीटर जाते. लिटरमागे २.७ किलो धरले, तर ९०० ते १,१०० ग्रॅम. 'डिझेलपेक्षा जास्त' हे खोटं, पण आज बचत फार मोठी नाही, हे खरं. कोळशाचा धूर चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांच्या ठिकाणी सुटतो आणि तिथली माणसं तो सोसतात, हे मला टोचतं. त्यावर उपाय वीज बदलणं हा आहे. डिझेलकडे परत जाणं हा नव्हे.

कारण डिझेलचा धूर नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये तो माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, त्याच. हा धूर बसथांब्यावर, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. मेसेज लिहिणाऱ्याला प्रदूषणाची एवढी काळजी असेल, तर त्यानं हे आधी वाचायला हवं होतं.

गाड्या पेटतात? पेटतात, आणि बॅटरीची आग विझवायला जड जाते. पण १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर बुलढाण्यात २५ माणसं जळून गेली, ती डिझेलच्या बसमध्ये. बॅटरीचं म्हणाल, तर या बस महापालिका विकत घेत नाही, ठेकेदार चालवतो आणि किलोमीटरमागे पैसे घेतो. बॅटरी तीन वर्षांत गेली, तर भुर्दंड त्यालाच. जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे.

कमिशनचं विचारायचं असेल, तर जरूर विचारा. दर किलोमीटरला किती दिले, बंद पडलेल्या फेऱ्यांचा दंड कापला का, हे माहितीच्या अधिकारात मागा. त्यासाठी म्हाताऱ्या बायकांना घाबरवायची गरज नाही.

मावशीला फोन केलाय. सोमवारी सकाळी मीच तिला डेपोतून बसमध्ये घेऊन चढणार आहे. पाऊस असला तरी.